लेबलबाई आणि शेजारची कात्री

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लेबलबाई काट्यासमोर बसून दोन नळ्यांची वजनं जुळवत होत्या. कोपऱ्यात जे अतिवेगवान यंत्र आहे, त्यात या नळ्या समोरासमोर बसतात आणि मिनिटाला हजारो फेरे घेतात. वजनात फरक राहिला तर यंत्र आधी थरथरतं, मग ओरडतं, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर आतला धातूचा जड गोळा झाकणासकट बाहेर येऊ शकतो. इथे असं कधी झालेलं नाही. बाईंना ‘होऊ शकतं’ एवढं पुरतं. त्यांनी एका नळीत थेंब घातला, काट्याकडे पाहिलं, अर्धा थेंब परत काढून घेतला. मग दोन्ही नळ्यांवरची लेबलं पुन्हा वाचली. ती त्यांनीच वीस मिनिटांपूर्वी लिहिली होती.

बाई चोपन्न वर्षांच्या आहेत. विषाणूंवर काम करणाऱ्या या संस्थेत वरिष्ठ संशोधन सहायक म्हणून त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. कागदोपत्री त्यांना नाव आहे, पण दुसऱ्या मजल्यावर ते कुणी वापरत नाही. नळीवर लेबल, नळीच्या टोपणावर तेच लेबल थोडक्यात, नळ्यांच्या स्टँडवर लेबल, ड्रॉवरवर ‘इथे टेप’ आणि ड्रॉवरमधल्या टेपवर ‘टेप’. एकदा चहाच्या सुट्टीत कुणीतरी गुपचूप त्यांच्या पाठीवर ‘लेबलबाई’ अशी चिठ्ठी चिकटवली. बाई ती दिवसभर पाठीवर घेऊन फिरल्या. संध्याकाळी ती हातात आली तेव्हा त्यांनी नीट पाहिली आणि म्हणाल्या, यावर तारीख नाही.

त्यांचा विषय सांगायला सोपा आणि दाखवायला अवघड आहे. आफ्रिकेत मँगाबी नावाचं एक करड्या अंगाचं माकड असतं. त्याच्या शरीरात एचआयव्हीच्या घराण्यातला एक विषाणू फारसा त्रास न देता मुक्काम करून असतो. माणसातल्या एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत, त्यातला कमी पसरलेला प्रकार याच घरून आला. आता, पेशीतून बाहेर पडताना असा विषाणू काय काय बरोबर घेतो? आपल्या जनुकांचं गाठोडं, त्यांची नक्कल करायची अवजारं आणि वरून कवच. पण हा मँगाबीचा विषाणू आणखी एक बारकं प्रथिन न विसरता घेतो. त्याला व्हीपीएक्स म्हणतात. कवच ज्या प्रथिनाचं बनतं त्याला शेपटी असते, शेपटीला आकडा असतो, आणि त्या आकड्याला लटकून व्हीपीएक्स नव्या कणात शिरतं.

एवढी यातायात कशासाठी, तर काही पांढऱ्या पेशींत एक रखवालदार प्रथिन असतं. विषाणूला नक्कल काढायला जो कच्चा माल लागतो, तो हा रखवालदार संपवून टाकतो. कोठार रिकामं, मग काय करशील ते कर. तिथे पोचल्यावर व्हीपीएक्स बनवायचं म्हटलं तर आधी नक्कल हवी, आणि नक्कल काढायची तर माल हवा. म्हणून ते आधीच्या पेशीतूनच तयार करून, बांधून आणावं लागतं. आत शिरल्यावर ते रखवालदाराला पेशीच्याच कचरागाडीत बसवून देतं.

बाईंनी हे सगळं एकदा घरी जेवताना सांगितलं. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यात आहेत आणि बिघाड कुठे आहे हे विचारल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट समजत नाही. ते ऐकून म्हणाले की हा पाहुणा घरूनच पहार घेऊन निघणारा दिसतो, अशाला आपण पाणीसुद्धा विचारणार नाही.

प्रथिन म्हणजे कड्यांची साखळीच; आकड्याच्या नेमक्या कोणत्या कड्या व्हीपीएक्सला धरून ठेवतात, एवढंच बाईंना शोधायचं आहे. त्यातून पुढे औषध निघेल असं त्या म्हणत नाहीत. विभागप्रमुखांच्या अनुदानाच्या अर्जात तसं लिहिलेलं असतं.

काम असं चालतं. प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींना कवचाचं आणि व्हीपीएक्सचं जनुक द्यायचं. पेशी दोन दिवसांत विषाणूसारखे दिसणारे कण बाहेर टाकतात. त्यांच्या पोटात जनुकांचं गाठोडं नसतं, त्यामुळे ते कुणाला बाधत नाहीत. ते कण यंत्रात फिरवून तळाशी आणायचे, फोडायचे, आतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची आणि त्यात व्हीपीएक्स आहे का ते पाहायचं. पण या माकडाच्या व्हीपीएक्सला ओळखणारं रसायन बाजारात मिळत नाही. म्हणून बाईंनी त्याच्या शेपटीला एक खूण जोडली, नऊ कड्यांची. ती खूण ओळखणारं रसायन कुठेही मिळतं. वेगळी केलेली प्रथिनं कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवून घेतात, आणि खूण सापडली की त्या पडद्यावर काळी पट्टी उमटते. थोडक्यात, बाईंनी व्हीपीएक्सला लेबल लावलं. खूण प्रथिनाला खेटून बसू नये, मोकळी राहावी, म्हणून मध्ये एक छोटा जोडतुकडाही घातला. त्या जोडतुकड्याचा त्यांना अभिमान होता.

अडचण ही की चार महिने पट्टी दिसत नव्हती. म्हणजे पेशींमध्ये दिसायची, ठसठशीत. कवचाची पट्टी कणांमध्येही दिसायची. पण कणांतल्या व्हीपीएक्सच्या जागी पडदा कोरा. पेशी बदलून पाहिल्या, बशा बदलल्या, यंत्राचे फेरे वाढवले. पडद्यावर काही फरक पडला नाही.

विभागप्रमुख बाईंपेक्षा सात वर्षांनी लहान आहेत आणि त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्या काय म्हणाल्या हे लोकांना घरी गेल्यावर कळतं. मागच्या सोमवारच्या बैठकीत त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की या माकडाचं व्हीपीएक्स बहुधा कणात जातच नसावं, आणि दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत पट्टी आली नाही तर हे काम बंद करू. बाईंच्या अनुभवाची खाली तपासणी विभागात फार गरज आहे, असंही त्या म्हणाल्या. तपासणी विभाग तळमजल्यावर आहे. तिथे रक्ताचे नमुने येतात, यंत्रात जातात आणि अहवाल होऊन बाहेर पडतात. कामात कमीपणा काही नाही. बाईंनीच तिथल्या तिघींना शिकवून तयार केलं आहे. पण तिथे प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर यंत्राचं. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना बाईंना स्वतःचा एक प्रश्न हवा होता, आणि तो त्या कोऱ्या जागेत अडकून बसला होता.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं.

बाईंच्या टेबलाशेजारी जे टेबल आहे, तिथे एक संशोधक बसतात, त्यांना सगळे कात्रीवाले म्हणतात. विषाणूचं एक प्रथिन कात्रीचं काम करतं. कण पेशीतून सुटला की ही कात्री जागी होते आणि कवचाचे लांब धागे ठरलेल्या जागी कापते. मग ते तुकडे नव्याने जुळतात आणि कण पक्का होतो. एचआयव्हीच्या रुग्णांना देतात त्यातली काही औषधं हीच कात्री बोथट करतात. कात्रीवाल्यांनी आयुष्यभर दुसरं काही पाहिलेलं नाही. ते दहाला येतात, टेबल पसरलेलं ठेवतात आणि कुठल्याही वस्तूवर काहीही लिहीत नाहीत. कुठे काय आहे ते त्यांच्या डोक्यात असतं.

नऊ महिन्यांपूर्वी बाईंनी उणे ऐंशी अंशांचा मोठा फ्रीजर आवरायला काढला. दारावर सूचना होती, अर्थात बाईंनीच लावलेली: नाव नसलेली वस्तू टाकून दिली जाईल. वरच्या कप्प्यात एक पांढरा खोका निघाला, त्यावर नाव नव्हतं. बाईंनी सूचनेप्रमाणे केलं. खोक्यात कात्रीवाल्यांनी हिवाळाभर खपून शुद्ध केलेली कात्री होती.

भांडण झालं नाही. झालं असतं तर आठवड्यात मिटलं असतं. कात्रीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या प्रत्येक वस्तूला लेबल लावलं. कपाला, खुर्चीला, खिडकीच्या आपल्या अर्ध्या भागाला. फ्रीजरमधल्या नव्या खोक्यावर लिहिलं, ‘ही वस्तू माझी आहे. आत काय आहे ते मला माहीत आहे.’ बाईंनी ते वाचलं आणि नियमाप्रमाणे तारीख नाही एवढंच त्या म्हणाल्या, तेही भिंतीकडे बघून. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दोन टेबलांमध्ये हातभर अंतर आणि मधे नऊ महिने.

निरोप मावशींमार्फत जायचे. मावशी म्हणजे काचसामान धुणाऱ्या आणि ते वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करणाऱ्या. खोलीत त्यांचा सिंक दोन्ही टेबलांच्या समोर आहे, हेच त्यांचं दुर्दैव. बाई म्हणायच्या, मावशी, त्यांना सांगा खिडकी लावा. कात्रीवाले म्हणायचे, मावशी, त्यांना सांगा अर्धी माझी आहे. तिघंही एका खोलीत आणि दोघांना सगळं ऐकू येत असलं तरी मावशींनी निरोप पोचवल्याशिवाय तो पोचला असं धरत नसत.

सोमवारच्या नळ्यांची पट्टी मंगळवारी दुपारी पाहिली. कोरी होती. बाईंनी पडदा ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि या वेळी ट्रेवर लेबलही न लावता खुर्चीवर बसल्या. मावशींनी नळ बंद केला.

“काय झालं, बाई?”

बाईंनी त्यांना सांगितलं. चार महिने सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, तळमजल्याचंही. मावशींना कवच, आकडा, व्हीपीएक्स यातलं फारसं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी तळमजला तेवढा ऐकला आणि तिथला सिंक मोठा आहे असं सांगून बाईंचं समाधान केलं.

शेजारून कागद चाळल्याचा आवाज थांबला.

“मावशी,” कात्रीवाले म्हणाले, “त्यांना विचारा, कण कसले बनवतात? नुसत्या कवचाचे, की कात्रीसकट?”

मावशींनी बाईंकडे पाहिलं.

“त्यांना सांगा, कात्रीसकट,” बाई म्हणाल्या. “मी अर्धवट कण बनवत नाही.”

“त्यांना विचारा, खुणेच्या आधी जो जोडतुकडा आहे, तो कात्रीला दाखवून घेतला होता का?”

बाईंनी वही ओढून जोडतुकड्याचं पान काढलं. मावशींनी ओले हात पदराला पुसले.

“हे बघा, मी बाटल्या धुते,” मावशी म्हणाल्या. “तुमचं जे काय कापायचं-जोडायचं असेल ते तोंडाने बोला.” आणि बाटल्यांचा ट्रे उचलून त्या वाफेच्या खोलीकडे गेल्या.

खोलीत दोघंच राहिले. मधला निरोप्या गेल्यावर शेवटी कात्रीवाल्यांनी खुर्ची वळवली. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. कात्री पेशीत झोपलेली असते, म्हणून पेशीत खूण जागेवर राहते आणि पट्टी दिसते. कण सुटला की कात्री जागी होते. तिला ठरावीक जागा आवडतात, आणि बाईंचा जोडतुकडा अगदी तिच्या आवडीचा दिसतो. व्हीपीएक्स कणात जात असेलही. आत गेल्यावर त्याची खूण कापली जाते. खूण इतकी बारीक की सुटल्यावर कुठे वाहून जाते तेही कळत नाही. आणि राहिलेलं व्हीपीएक्स ओळखायला बाईंकडे काही नाही.

“म्हणजे ते आत असेल,” बाई म्हणाल्या.

“असेल. पण लेबल नाही म्हणजे वस्तूच नाही, असं या खोलीत धरतात.”

बाईंनी हे ऐकून घेतलं. नऊ महिन्यांत ऐकून घेण्यासारखं तेवढं एकच वाक्य त्यांच्या वाट्याला आलं होतं.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“विद्यार्थी होतो तेव्हापासून. अशा खुणा कापल्या जातात हे खूप जणांनी पाहिलंय. तुमच्या दुसऱ्या बैठकीत ती कोरी जागा बघितली तेव्हाच वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता.”

“तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता.”

“तेच म्हणतोय मी.”

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या त्या रागातच. राग नेमका कुणावर, हे ठरलेलं नव्हतं. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचं ऐकणं कमी झालेलं असलं तरी हवं तेवढं ऐकू येतं. बाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लावलेली लेबलं हा सासूबाईंचा जुना विषय. दर धुण्यात ती भिजून सुटतात, आणि सासूबाई ती मुद्दाम घासतात असा बाईंना संशय आहे. साखर मी चव घेऊन ओळखते, चिठ्ठी वाचून नाही, असं त्या पूर्वी कितीदा म्हणालेल्या आहेत. यजमान आता सांगतात की उत्तर आमच्या घरात डब्यांवरून रोज वाहून जात होतं, हिला दिसलं नाही. ते खरंच आहे. बाईंना डब्यांवरून काहीही सुचलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं असंही त्या मानत नाहीत.

त्या रात्री जेवताना प्रश्न वेगळा होता. कात्री बोथट करणारं औषध मिळालं तर खूण शाबूत राहील आणि सोमवारच्या आत पट्टी दिसेल. औषध कात्रीवाल्यांच्या कप्प्यात होतं. बाहेरून मागवायचं तर दहा-बारा दिवस लागले असते.

“मग माग की त्यांच्याकडे,” यजमान म्हणाले.

“मी त्यांची वस्तू टाकली होती.”

“नियमाने टाकली होतीस ना?”

“नियमानेच.”

“मग नियमानेच माग.”

सासूबाईंनी ताटातून मान वर न काढता विचारलं की त्या माणसाचं टाकलं ते परत करून देता येण्यासारखं आहे का. बाई म्हणाल्या, नाही. मग निदान टाकलं एवढं तोंडाने म्हणायला काय जातंय, असं म्हणून सासूबाईंनी मीठ मागितलं.

बुधवारी बाई नेहमीपेक्षा उशिरा, म्हणजे कात्रीवाल्यांच्या बरोबरच, खोलीत आल्या. त्यांनी पर्स ठेवली, डगला घातला, बटणं लावली, आणि शेजारच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. तो खोका मी टाकला, असं त्या म्हणाल्या. आत काय आहे ते उघडून बघायला हवं होतं, तेही म्हणाल्या. सूचना अजूनही बरोबर आहे असं वाटतं, हेही म्हणाल्या, कारण बाईंना अर्धवट काही करता येत नाही.

कात्रीवाले म्हणाले की खोक्यावर नाव नव्हतं हे त्यांना मान्य आहे. त्यांनी आपला कप्पा उघडला, औषधाचा थोडा भाग एका छोट्या नळीत काढला आणि नळी बाईंच्या हातात दिली. नळीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी नळीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

“द्या इकडे,” म्हणून कात्रीवाल्यांनी ती परत घेतली आणि लिहून दिली. मावशी सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी त्या दिवशी चार प्रकारच्या बशा लावल्या. एक नेहमीची. एकीत औषध. एकीत औषध, पण कवचाच्या आकड्याच्या दोन कड्या बदललेल्या. आणि एकीत औषध आणि व्हीपीएक्स, पण कवचच नाही. शेवटची कशाला, असं कात्रीवाल्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की कवच नसतानाही नळीच्या तळाशी व्हीपीएक्स सापडलं तर ते कणात बसून आलेलं नाही, पेशींच्या कचऱ्यातून आलं, मग आपली पट्टी खोटी. कात्रीवाल्यांनी मान हलवली. चार महिने कोरी जागा बघूनही ज्या बाई ही बशी लावायला विसरल्या नव्हत्या, त्यांच्या शेजारी आपण नऊ महिने गप्प बसलो, हे त्यांनी नंतर मावशींना सांगितलं. मावशींनी हा निरोपही पोचवला, कुणी न सांगता.

शुक्रवारी कण यंत्रात फिरले. शनिवारी अर्धा मजला बंद असतो. बाई पडदा घेऊन चित्र काढणाऱ्या यंत्रापाशी गेल्या तेव्हा कात्रीवाले तिथे आधीच होते. वर्तमानपत्र वाचायला आलो, असं त्यांनी सांगितलं. वर्तमानपत्र त्यांच्या हातात नव्हतं.

पहिल्या मिनिटाला काही नव्हतं. मग दुसऱ्या, म्हणजे औषधाच्या बशीच्या रकान्यात, जिथे चार महिने कोरी जागा होती तिथे, एक करडा डाग आला, काळा होत गेला आणि पट्टी झाला. पहिला रकाना कोरा, तिथे कात्रीने आपलं काम चोख केलं होतं. तिसरा कोरा, आकड्याच्या कड्या बदलल्या की व्हीपीएक्स आत आलंच नव्हतं. चौथाही कोरा, म्हणजे पट्टी पेशींच्या कचऱ्यातून आलेली नव्हती. कवचाची पट्टी पहिल्या तीन रकान्यांत सारखीच गडद, फक्त पहिल्यात कापलेल्या धाग्याची म्हणून खाली, चौथ्यात नाही, म्हणजे कण मोजून-मापून भरले होते.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

“आता कोऱ्या जागासुद्धा आवडायला लागल्या का, मॅडम?” कात्रीवाल्यांनी विचारलं.

“योग्य ठिकाणी असल्या तर,” बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पहिल्या रकान्यातली जागा तुमची आहे. तुमच्या कात्रीची.”

कात्रीवाल्यांना हे बक्षीस वाटलं की टोमणा, ते त्यांनी ठरवलं नाही. संध्याकाळी बाईंनी घरी सांगितलं तेव्हा यजमानांनी लगेच विचारलं की म्हणजे बिघाड लेबलातच होता का. बाई म्हणाल्या, लेबलात नाही, जोडतुकड्यात. यजमान म्हणाले, तेच ते. सासूबाईंनी टाकलं ते त्या माणसाला तोंडाने सांगितलंस का एवढंच विचारलं, आणि सांगितलं असं कळल्यावर टीव्हीचा आवाज वाढवला.

सोमवारी अकराला बैठक झाली. विभागप्रमुखांनी चित्र पाहिलं, मोठं करून पाहिलं, चौथ्या रकान्याबद्दल विचारलं आणि बाईंचं उत्तर संपायच्या आत मान हलवली. मग त्यांनी शांत आवाजात तीन गोष्टी सांगितल्या. एक चित्र म्हणजे निष्कर्ष नाही, हाच प्रयोग आणखी दोनदा तसाच यायला हवा. जोडतुकडा बदलून नवी खूण बनवायची, म्हणजे औषधावाचूनही दिसेल. आणि त्यासाठी काम वर्षभर चालू राहील, दुसऱ्या मजल्यावरच. कात्रीवाले या कामात आता बरोबर असतील, त्यांचं नाव अर्जात घालावं लागेल. नाव घालण्याबद्दल कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं.

“नावाला माझी कधीच हरकत नसते,” बाई म्हणाल्या. बैठकीतले लोक खाली बघून हसले.

तळमजल्यावरच्या तिघींना बाई येणार म्हणून कळवलेलं होतं. त्यांनी एक टेबल रिकामं करून, पुसून ठेवलं होतं. बाई जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन सांगून आल्या की टेबल तुम्हीच वापरा. तिघींनी आनंद दाखवला, आणि त्यातला बराचसा खरा असावा, कारण तिथल्या ड्रॉवरमधल्या टेपवर आजही काही लिहिलेलं नाही.

लोकांना वाटलं आता दुसऱ्या मजल्यावर गप्पा रंगतील. तसं काही नाही. दोघं कामापुरतं बोलतात, खिडकीवरून अजूनही वाद होतो, फक्त आता तो थेट होतो आणि मावशींच्या मते त्यामुळे आवाज वाढला आहे. कात्रीवाल्यांनी खुर्चीवरचं लेबल काढलं. कपावरचं ठेवलं, कारण त्या लेबलामुळे कप खरंच कुणी नेत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं.

दुसरी फेरी आज, मंगळवारी, सुरू झाली. दुपारी पेशींना जनुकं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं जुनं खाद्य काढून नवं, ताज्या औषधासकट, घालावं लागतं. ही वेळ पावणेआठची आहे आणि ती बाई कुणासाठी बदलत नाहीत. गेल्या वेळचं औषध संपलं आहे आणि कप्प्याची किल्ली कात्रीवाल्यांकडे असते. किल्ली ठेवून जा, असं बाईंनी सुचवलं होतं. ते नको म्हणाले, मीच येतो. रोज दहाला येणाऱ्या कात्रीवाल्यांनी संध्याकाळी जाताना फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलं आहे, की उद्या आपल्याला साडेसातला आत सोडायचं.